अजून अकरा मिनिटं

सुजितच्या पोटात दुखत होतं, आणि हे दुखणं ओव्याने थांबणारं नव्हतं. शुक्रवारी बारा वाजता पोयनाडच्या सत्यवती टॉकीजमध्ये प्रज्योतचा पिक्चर लागणार होता. 'चौथी खांड'. लेखक आणि दिग्दर्शक, प्रज्योत. गावच्या नाक्यावर आठ फुटी बॅनर लागला होता आणि कामावर जाताना सुजितला त्याच्याखालूनच जावं लागायचं. चार दिवस त्याने मान खाली घालून मोटारसायकल चालवली. पाचव्या दिवशी खड्ड्यात गेला.

दुसरं कोणी असतं तर त्याने सोडून दिलं असतं. मुंबईच्या कोणी पिक्चर काढला, आपल्या बापाचं काय जातं? पण प्रज्योत म्हणजे समोरच्या घरातला. दोन उंबरठ्यांच्या मध्ये एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता. शाळेत सुजितचा पहिला नंबर, प्रज्योत शेवटून तिसरा. गणपतीतल्या नाटकात सुजित राजा व्हायचा आणि प्रज्योत पडदा ओढायचा, तोही चुकीच्या वेळी. पुढे सुजितने मराठीत एम. ए. केलं, पेणच्या क्लासमध्ये शिकवायला लागला. प्रज्योत बापाच्या मालवाहू ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून बसला. बंदराच्या रांगेत ट्रेलर तासन्‌तास उभा राहायचा, तेव्हा या पठ्ठ्याने केबिनमध्ये बसून मोबाइलवर अख्खा पिक्चर लिहून काढला. सुजितनेही एक पिक्चर लिहायला घेतला होता. त्याला बारा वर्षं झाली. एकतीस पानांवर गाडं अडलं होतं आणि त्यातली चार पानं आभारप्रदर्शनाची होती.

लिहिता येत नसलं तरी सुजितला मोडता यायचं. त्याचं एक चॅनल होतं, 'खारा रिव्ह्यू', एकसष्ट हजार माणसं बघायची. शुक्रवारी पहिला खेळ पाहायचा, बाहेर येऊन मोबाइलसमोर उभं राहायचं आणि पिक्चरचा शेवट सांगून टाकायचा. खुनी कोण, कोण मरतो, कोण कोणाचा बाप निघतो, सगळं. शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य, "वाचले तुमचे पैसे!" लोक म्हणायचे, काय हा आगाऊपणा, आणि बघायचे. मागच्या दिवाळीत त्याने एका रहस्यपटातल्या खुन्याचं नाव दुपारी दोनला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तीनशे खुर्च्यांच्या सत्यवतीत एकोणीस माणसं बसली होती. टॉकीजची मालकीण हेतलबेन तिकीट खिडकीतून हात जोडून म्हणाली होती, "सुजितभाई, सोमवार सुधी तरी थांबत जा ना. आमच्या पोटावर कशाला पाय?" सुजितला ते ऐकून इतकं बरं वाटलं होतं की त्या रात्री तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

प्रज्योतच्या पिक्चरला बारा थेटरं मिळाली होती, तीही तीनच दिवसांसाठी. शनिवार-रविवार खुर्च्या भरल्या तर पुढचा आठवडा. नाही तर सोमवारी मोठा हिंदी पिक्चर येणार आणि हा डब्यात जाणार. हे सगळ्या गावाला माहीत होतं. सुजितला तर तोंडपाठ होतं.

गुरुवारी प्रज्योत स्वतः पास द्यायला आला.

"पयल्या खेलाला ये रं. तुझ्याबिगर कसा व्हयल?"

"येनार ना," सुजित म्हणाला. "मी न्हाय आलो तर कोन येल?"

प्रज्योत हसला. त्याला टोमणे कळत नाहीत की तो कळूनही हसतो, हे सुजितला चाळीस वर्षांत समजलं नव्हतं.

शुक्रवारी थेटरात दीडशे माणसं होती, त्यातली निम्मी प्रज्योतच्या सोयऱ्याधायऱ्यांतली. सुजित कडेच्या खुर्चीवर बसला, मांडीवर आपली निळी वही घेऊन. प्रत्येक रिव्ह्यूची टिपणं तो या वहीत करायचा. प्रज्योत आत बसलाच नाही. दाराच्या पडद्याला धरून उभा राहिला, थेट लहानपणासारखा.

गोष्ट गावचीच होती. आमच्या खारेपाटात समुद्र आणि भातशेती यांच्या मध्ये मातीचा एक बांध असतो, बाकी देवाची कृपा. उधाणात बांध फुटला की त्याला खांड गेली म्हणतात. खांड गेली की घरटी एक माणूस निघालाच पाहिजे. चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे आणि पुढच्या भरतीच्या आत खांड बुजवायची. नाही बुजली तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची तीन वर्षं भाताचं नाव नको. आजोबांच्या काळी गावाच्या बांधाला तीन खांडी समुद्राने पाडल्या होत्या. चौथी माणसाने पाडली. धर्माजी नावाच्या माणसाने. शेजाऱ्याचं, येसाजीचं भात आपल्यापेक्षा उंच आलं, हे त्याला बघवेना. म्हणून फावडं घेऊन गेला आणि बांध फोडला. पाण्याला काय, येसाजीचं शेत कुठलं आणि धर्माजीचं कुठलं? दोघांचंही बुडालं. पुढे धर्माजीचं फावडं खांडीत सापडलं आणि गावाने त्याला जन्मभर वाळीत टाकलं. हा किस्सा गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

सुजित आला होता हसायला. पण अर्ध्या तासात त्याच्या लक्षात आलं की पिक्चर चांगला आहे. नुसता चांगला नाही, फार चांगला. मागच्या रांगेतल्या बायका धर्माजीला शिव्या देत होत्या आणि त्याच्यासाठी डोळेही पुसत होत्या. माणसाचा राग यावा आणि कणवही यावी, असं लिहिणं किती अवघड असतं हे थेटरात एकट्या सुजितला कळत होतं आणि तेच त्याला सहन होत नव्हतं. त्याने वहीत लिहिलं, 'संथ.' मग लिहिलं, 'कॅमेरा हलतो.' कॅमेरा हलत नव्हता. मग त्याच्याही नकळत लिहून गेला, 'याला हे जमलं कसं?' आणि ते खोडलं.

पडद्यावर पहाट झाली. येसाजीला खांडीच्या चिखलात फावडं सापडलं, दांड्यावर धर्माजीची खूण कोरलेली. मागच्या बायका पुढे झुकल्या. पुढे काय, हे सुजितला जन्मापासून ठाऊक होतं. आता गाव जमणार, धर्माजीला वाळीत टाकणार, बायका रडणार, मग टाळ्या. त्या टाळ्या ऐकायची त्याची तयारी नव्हती. त्याने घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'दोन चौदा. पुरे. शेवट ठाऊक आहे.' अंधारात उठला, दाराशी उभ्या प्रज्योतकडे न बघता पडदा सारून बाहेर पडला. वही खुर्चीवरच राहिली.

पोयनाडच्या बाहेर चिंचेखाली गाडी लावून त्याने मोबाइल हँडलला टेकवला.

"नमस्कार मंडळी! आपल्या गावच्या पोराचा पिक्चर आहे, म्हणून कौतुक करायचं म्हणत होतो. पण खऱ्याला मरण नाही. ऐका शेवट. बांध फोडणारा निघतो सख्खा शेजारी, धर्माजी. फावडं सापडतं, गाव त्याला वाळीत टाकतं, संपला पिक्चर. का फोडला बांध? तर म्हणे, शेजाऱ्याचं बरं बघवत नाही! स्वतःचं शेत बुडवून घेणारा असा मूर्ख माणूस कुठं असतो का, सांगा बरं? वाचले तुमचे पैसे!"

घरी पोचेस्तोवर नऊ हजार लोकांनी व्हिडिओ पाहिला होता. संध्याकाळच्या खेळाला सत्यवतीत सव्वीस माणसं होती. सुजितने ओळखीच्या पानवाल्याला फोन करून आकडा खात्रीने काढून घेतला.

त्याची बायको मृणाली भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमाला काय वाटला न्हाय? समोरच्या घरातला पोरगा हाय तो. माझ्या बाळंतपनात ट्रेलर सोरून गारी घेऊन आलता."

"रिव्ह्यू म्हंजे रिव्ह्यू. तिथं नाती नसतात."

"रिव्ह्यू न्हाय, जलन हाय ही," मृणाली म्हणाली. "उद्या मी न आई जानार पिक्चरला. बघते मना कोन आरवतो."

रात्री झोपण्यापूर्वी सुजितने खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. सगळ्यात वर प्रज्योतचीच होती. 'ठरलं तसंच बोललास मित्रा. लई उपकार.' पुढे दोन हात जोडलेले. सुजितने ते चार वेळा वाचलं. ठरलं कुठे काय होतं? टोमणा असावा. पराभूत माणूस टोमण्याशिवाय काय मारणार? तो सुखाने झोपला.

शनिवारी दुपारी मृणाली आणि सोनाबाई, म्हणजे सुजितची आई, रिक्षातून उतरल्या. सुजित ओटीवर पाय पसरून बसला होता. दोघींचे डोळे लाल होते. मृणाली सरळ त्याच्याजवळ आली आणि लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर भर ओटीवर तिने त्याचा हात हातात घेतला.

"मी काल नको नको ते बोलले. मना काय म्हाईत तुमचा दोघांचा ठरलाय ते?"

"काय ठरलाय?"

"आता माझ्याशी पन नाटक? खोटा शेवट सांगितलात तुमी! मी आपली तयारीत बसलेली, आता त्याला वालीत टाकतील, आता टाकतील... आनि मग जे झाला ना..." एवढं बोलून ती आत निघून गेली.

सुजितच्या पायाखालची ओटी सरकली. शेवट वेगळा होता!

त्याने मोबाइल उघडला. प्रतिक्रियांचा पाऊस पडत होता. 'सुजितदादाने गंडवलं! जाऊन बघाच.' 'दादाचा शेवट ऐकून गेलो म्हणून दुप्पट हललो.' 'याला म्हणतात दोस्ती.' काल संध्याकाळच्या त्या सव्वीस जणांनी बाहेर येऊन बोंब ठोकली होती की रिव्ह्यूतला शेवट पिक्चरमध्ये नाहीच. मग जो तो खरा शेवट बघायला निघाला. काशीदच्या हॉटेलांतली पोरं पाळी बदलून आली, पेणहून टेम्पो भरून आले. शनिवारचे तिन्ही खेळ भरले. हेतलबेनने दोन वर्षांनी 'हाउसफुल'ची पाटी फडताळातून काढली, झटकली आणि फोटो काढून सुजितला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'तमे तो हीरो छो.'

करायला गेला गणपती आणि झालं माकड, तेही लोकांनी हार घातलेलं माकड. पण सुजितला त्याहून मोठी चिंता लागली. शेवट काय होता?

हे विचारायचं कोणाला? विचारलं की कळणार, हा पठ्ठ्या शेवट न बघताच उठून गेला होता. मग दोस्ती कसली नि डोकं कसलं, नुसता जळका माणूस उरतो. त्याने आडून आडून प्रयत्न केले. आईकडे गेला. सोनाबाई म्हणजे जुन्या काळची पिक्चर सांगणारी. मिठागरावर टोपल्या वाहताना ती आठ बायकांना अख्खा पिक्चर गाण्यांसकट ऐकवायची, आणि तो ऐकूनही बायका पुन्हा पैसे जमवून बघायला जायच्या. ती तरी बोलेल!

"आये, तो शेवट तुना कसा वाटला? म्हंजे येसाजी तो... काय करतो त्या फावर्‍याचा?"

सोनाबाईने ओठांवर बोट ठेवलं. "सांगायचा न्हाय. थेटरात पाटी लावलीय, सुजितसारखा गुपित ठेवा."

जन्मभर जी बाई एक गोष्ट पोटात ठेवू शकली नाही, ती आज गप्प बसली होती, आणि का, तर लेकाचा मान राखायला! क्लासमधल्या मुलांना विचारलं, तर ती डोळे मिचकावून म्हणाली, "सर, आमची परीक्षा घेता काय?" इंटरनेटवर शोधलं, तर एकाही माणसाने शेवट लिहिला नव्हता. दोनशे पिक्चरचे शेवट ज्याने चव्हाट्यावर मांडले, त्याला एका पिक्चरचा शेवट अख्ख्या रायगड जिल्ह्यात कोणी सांगेना.

आणि वर जळफळाट होताच, कमी झाला नव्हता. उलट आता त्याला नवं खाद्य मिळालं होतं. प्रज्योतने ती प्रतिक्रिया टाकलीच होती त्यासाठी. माझ्याच व्हिडिओवर आपली पोळी भाजून घेतली लेकाच्याने! आणि ही अक्कल त्याला सुचली, मला नाही, हे तर आणखी जिव्हारी लागत होतं.

रविवारी सकाळी गाव देवळासमोर जमलं. प्रज्योतने पेढे वाटले आणि सुजितला ओढत पायरीवर नेलं. सुजित येत नव्हता, लोकांना वाटलं लाजतो आहे.

"पिक्चर मी केला," प्रज्योत म्हणाला, "पन थेटर भरला या मानसाने. नाव खराब होयल, लोक शिव्या देतील, म्हाईत असून माझ्यासाठी खोटा बोलला. असा शेजारी नशिबात लागतो."

टाळ्या पडल्या. सुजितच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मग प्रज्योतने पिशवीतून निळी वही काढली आणि त्याच्या हातात दिली.

"हे घे. थेटरात इसरलास."

सुजितने वही चटकन काखेत दाबली. याने उघडली असेल का? प्रज्योतच्या चेहऱ्यावर तेच नेहमीचं हसू होतं. सुजितने घरी जाऊन वही न उघडताच कपाटात टाकली. जे बघायचंच नाही, ते उघडायचं कशाला?

पण शेवट त्याला झोपू देईना. पिक्चरला पुढचा आठवडा मिळाला आणि मंगळवारी क्लासला दांडी मारून सुजित निघाला. पोयनाडला जाणं शक्य नव्हतं, पेणला सगळे ओळखीचे, अलिबागेत तर त्याच्या फोटोचा बॅनर लागला होता. म्हणून तो मोटारसायकलवर तीन तास हाडं खिळखिळी करून थेट बोर्ली पंचतनला गेला. तिथल्या बाजारामागे एक लहानसं थेटर होतं. तोंडाला रुमाल बांधला, दुपारच्या खेळाचं तिकीट काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा रांगेत उभा राहून आत शिरला. सवयीने वही बरोबर घेतली होती.

पडद्यावर पहाट झाली. येसाजीला फावडं सापडलं. सुजित खुर्चीच्या टोकावर आला.

येसाजी फावडं घेऊन गावात आला. घरटी एक माणूस बाहेर पडत होता. धर्माजीच्या दारात येसाजी थांबला. आत धर्माजी भिंतीला पाठ लावून उभा. मागे सगळं गाव. कोणीतरी ओरडलं, हे फावडं धर्माजीचं! येसाजी वळला आणि म्हणाला, "व्हय, त्याचाच हाय. आपल्या सगल्यांच्या आधी हा खांडीवर गेला. एकटा बांध घालत व्हता, पान्याने हटवला." मग त्याने फावडं धर्माजीसमोर धरलं. "हे घे. इसरलास."

सुजितचा हात मांडीवरच्या वहीवर गेला.

पुढे पडद्यावर गाव धर्माजीची पाठ थोपटत होतं, धर्माजी रडत रडत चिखलाचे गोळे खांडीत टाकत होता आणि लोकांना वाटत होतं, किती जीव लावतो हा बांधाला. अगदी शेवटी दोघेच उरले तेव्हा धर्माजीने विचारलं, "तुना म्हाईत व्हता?" येसाजी हात धूत म्हणाला, "भरती येतेय. बांध पयला." पिक्चर संपला.

बोर्लीचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सुजित बसून राहिला. दिवे लागले. त्याने निळी वही उघडली आणि शेवटचं लिहिलेलं पान काढलं. 'संथ.' 'कॅमेरा हलतो.' खोडलेलं 'याला हे जमलं कसं?' आणि तळाशी, 'दोन चौदा. पुरे. शेवट ठाऊक आहे.' त्याच्या खाली, ट्रेलरच्या केबिनमध्ये मांडीवर कागद ठेवून लिहितात तसल्या वाकड्या अक्षरात, एक ओळ होती.

'अजून अकरा मिनटं हायत. बस ना रं.'

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. दोन चौदाला पडदा सारून कोण गेलं, हे दाराशी उभं राहून त्याने पाहिलं होतं. वही वाचली होती. व्हिडिओ पाहिला होता. आणि तरी देवळाच्या पायरीवर उभं करून त्याने हार घातला होता.

सुजितला रडू आलं आणि त्या रडण्यातही अर्धा राग होता. शाळेतला पहिला नंबर एवढाच काय तो आपल्याकडे राहिला होता. पिक्चर याने आधी केला, ते एक वेळ ठीक. पण मोठ्या मनाचा होण्यातही यानेच बाजी मारावी? आपल्याला निदान क्षमा करायची तरी संधी ठेवायची होती! आता जन्मभर त्या रस्त्यावरून जाताना लोक म्हणणार, शेजारी असावा तर सुजितसारखा, आणि समोरच्या ओटीवर बसलेला प्रज्योत हसणार.

तो बाहेर आला. तिकीट खिडकीपाशी पुढच्या खेळाची रांग लागली होती. एका म्हाताऱ्या बाईने त्याला अडवलं. हरिहरेश्वरचं दर्शन करून आली असावी, हातात प्रसादाची पुडी होती.

"बाबा, पिक्चर बगून आलास ना? शेवट कसा हाय? वंगाळ असंल तर मी न्हाय जात, माज्या जिवाला सोसत न्हाय."

दोनशे शेवट सांगितलेल्या माणसाच्या जिभेवर शेवट तयार होता. सुजितने तोंडावरचा रुमाल सोडला. रांगेतल्या एका पोराने त्याला ओळखलं आणि मोबाइल वर धरला. पोटात अजून दुखत होतं, चांगलंच दुखत होतं.

"जा आजी," तो म्हणाला. "फकस्त एक सांगतो. शेवटची अकरा मिनटं उठू नका. मी उठलो व्हतो."